डिरेक्टरीचा पासवर्ड ठेवायचा कुठे? जावा वेब ॲप एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेताना

समजा, भाषाशास्त्राच्या एका प्रकल्पासाठी तुम्ही जावामध्ये वेब ॲप बनवताय. खांडबारा, चिंचपाडा, नवापूर या पट्ट्यात बोलल्या जाणाऱ्या मावची बोलीची ध्वनिमुद्रणं त्यात ठेवायची आहेत. सोबत बोलणाऱ्याचं नाव, गाव, वय आणि त्याने दिलेलं संमतीपत्र. हे सगळं कुणालाही दिसून चालणार नाही, म्हणून लॉगिन हवं. गाईड म्हणतात, "वेगळे युजर कशाला बनवतोस? विद्यापीठाची डिरेक्टरी आहे ना, तीच जोड." संगणक केंद्राकडून तुम्हाला एक पत्ता, एक खातं आणि त्याचा पासवर्ड मिळतो. तुम्ही तो कोडमध्ये टाकता. लॉगिन चालू होतं, सगळे खूश.

आता तीन वर्षं पुढे या. विभागाने टॉमकॅट सोडून वाइल्डफ्लाय घेतलाय. परीक्षकांना तुमचं ॲप त्यांच्या मशीनवर चालवून बघायचंय. आणि थिसिससोबत कोड खुला करावा, असं गाईडना वाटतंय. या तिन्ही कामांत एकच गोष्ट आडवी येते: तो कोडमधला पासवर्ड. तो काढला तर ॲप चालत नाही, ठेवला तर कोड कुणाला देता येत नाही. आणि तो बाहेर गेला, तर ज्या लोकांनी विश्वासाने तुमच्यापुढे रेकॉर्डर चालू करू दिला, त्यांची नावंही बाहेर जाऊ शकतात.

म्हणून हा विषय मला फक्त प्रोग्रॅमिंगचा वाटत नाही. तुमचं काम दुसऱ्याला पुन्हा करून बघता येतं का, हा संशोधनातला मूळ प्रश्नच इथे वेगळ्या कपड्यात येतो. या लेखात आपण बघू की डिरेक्टरीची लॉगिन माहिती नेमकी कशी वापरली जाते, जावाची मानकं त्यात कुठपर्यंत मदत करतात, ती कुठे थांबतात, आणि मग आपण काय करायचं.

आधी पासवर्ड कोणता ते ठरवा

डिरेक्टरी म्हणजे संस्थेतल्या माणसांची आणि गटांची झाडासारखी मांडलेली नोंदवही. तिच्याशी बोलायची भाषा म्हणजे एलडॅप. ही भाषा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात तयार झाली. पहिला आरएफसी १९९३ चा, तिसरी आवृत्ती १९९७ ची, आणि आज जी कागदपत्रं आधार मानतात ती २००६ ची, म्हणजे आरएफसी ४५११ आणि त्याच्या आसपासची. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी असो की ओपनएलडॅप, दोघांनाही ही भाषा कळते.

लॉगिनच्या वेळी साधारण असं घडतं. विद्यार्थी आपलं छोटं युजरनेम टाकतो. पण डिरेक्टरीला हवा असतो पूर्ण पत्ता: हा माणूस, या विभागातला, या संस्थेतला. या पूर्ण पत्त्याला डीएन म्हणतात. तो शोधायला ॲप आधी स्वतःच्या खात्याने डिरेक्टरीत शिरतं. या शिरण्याला 'बाइंड' म्हणतात. मग युजरनेम शोधून डीएन मिळवतं. त्यानंतर तो डीएन आणि विद्यार्थ्याने टाकलेला पासवर्ड घेऊन दुसऱ्यांदा बाइंड करतं. हे दुसरं बाइंड जमलं, तर माणूस खरा.

म्हणजे पासवर्ड दोन आहेत. एक विद्यार्थ्याचा, जो काही क्षण ॲपमधून जातो आणि कुठेही साठवायचा नसतो. दुसरा ॲपच्या स्वतःच्या खात्याचा, जो कायम कुठेतरी ठेवावाच लागतो. इंटरनेटवर या विषयाची चर्चा वाचताना हे दोन सतत एकमेकांत मिसळलेले दिसतील. पासवर्ड हॅश करून ठेवा, हा सल्ला दुसऱ्या पासवर्डला लागूच पडत नाही, कारण तो आपल्याला मूळ रूपात डिरेक्टरीपुढे मांडायचा असतो. हॅशवरून मूळ पासवर्ड परत मिळत नाही. या लेखात पुढे जिथे जिथे 'ॲपचा पासवर्ड' म्हणेन, तिथे हा दुसराच समजा.

कोडमध्ये ठेवला तर काय बिघडतं

'आमचं गिट खाजगी आहे' हे उत्तर मी बऱ्याचदा ऐकतो. पण रिपॉझिटरी खाजगी असणं ही आजची स्थिती आहे, उद्याचा तुमचा हेतूच ती खुली करण्याचा आहे. आणि गिट जुनं काही विसरत नाही. आज ओळ खोडली तरी मागच्या कमिटमध्ये ती जशीच्या तशी असते.

हे किती प्रमाणात घडतं, यावर चांगलं काम झालेलं आहे. नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीच्या मायकेल मेली, मॅथ्यू मॅकनीस आणि ब्रॅडली रीव्ह्ज यांनी गिटहबवरच्या खुल्या रिपॉझिटरींचा अभ्यास करून २०१९ च्या एनडीएसएस परिषदेत निबंध वाचला. एक लाखापेक्षा जास्त रिपॉझिटरींमध्ये त्यांना गुप्त किल्ल्या उघड्या सापडल्या, आणि रोज हजारो नव्या किल्ल्या त्यात पडत होत्या. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर हा निबंध पद्धतीसाठीही वाचा. एखादी किल्ली खरी आहे की नुसतं उदाहरण म्हणून लिहिलेली आहे, हे ती वापरून न बघता कसं ठरवायचं, हा नैतिक आणि तांत्रिक पेच त्यांनी कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे.

पासवर्ड कोडमधून काढून त्याच वॉर फाइलमधल्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवला, तरी फार फरक पडत नाही. वॉर फाइल म्हणजे शेवटी एक झिप. जो उघडेल त्याला दिसतं. शिवाय चाचणीसाठी एक वॉर, विभागासाठी दुसरी, परीक्षकांसाठी तिसरी बांधावी लागते. मग आपण जे तपासलं आणि त्यांनी जे चालवलं, ते एकच होतं, हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

नाव ॲपचं, किंमत सर्व्हरची

यावरचा विचार जुना आहे. डेव्हिड पारनास यांनी १९७२ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात असं मांडलं की प्रोग्रॅमचे भाग पाडताना, जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे, ते एकेका भागाच्या आत झाकून टाकावेत. आपल्या बाबतीत बदलणारा निर्णय कोणता? पासवर्ड काय आहे आणि तो कुठे ठेवलाय, हे. न बदलणारं काय? ॲपला डिरेक्टरीचं एक कनेक्शन लागतं, हे. म्हणून ॲपने फक्त एक नाव उच्चारायचं, 'मला विद्यापीठाची डिरेक्टरी द्या', आणि त्या नावाला खरी किंमत जोडायचं काम जिथे ॲप चालतंय त्या सर्व्हरने करायचं.

आमच्या भागातल्या वाचकांना यासाठी नवापूर स्टेशन आठवेल. सुरत–भुसावळ मार्गावर खांडबाऱ्याहून सुरतेकडे निघालात की नवापूर लागतं, आणि त्या स्टेशनचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातेत आहे. एकाच फलाटावर चालता चालता राज्य बदलतं, आणि त्यासोबत काही कायदेही. पण गाडीचं नाव, नंबर आणि तुमचं तिकीट तेच राहतं. स्थानिक नियम ज्याचे त्याने सांभाळायचे, तिकिटावर ते छापलेले नसतात. पोर्टेबल ॲपकडून आपली अपेक्षा एवढीच आहे.

जावाच्या एंटरप्राइझ मानकांत ही कल्पना पहिल्यापासून आहे. ॲप आपल्या वेब डॉट एक्सएमएल फाइलमध्ये 'रिसोर्स रेफ' लिहून सांगतं की या नावाची वस्तू मला हवी. तिथेच एक निवड असते: लॉगिन ॲप स्वतः करणार की कंटेनर करणार. 'कंटेनर' लिहिलं, की पासवर्ड पुरवणं ही डिप्लॉय करणाऱ्याची जबाबदारी ठरते. कोड लिहिणारा आणि डिप्लॉय करणारा या दोन वेगळ्या भूमिका आहेत, असं मानक स्पष्ट सांगतं. आपल्याकडे विभागात दोन्ही भूमिका एकाच विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतात, म्हणून हा फरक डोळ्यांत भरत नाही. पण विद्यार्थी पास होऊन गेला की लगेच भरतो.

डेटाबेससाठी ही व्यवस्था छान चालते. ॲप डेटासोर्सचं नाव घेतं, पासवर्ड सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये असतो. मग डिरेक्टरीसाठी तसंच का होत नाही?

मानक जिथे थांबतं

पहिली अडचण नावांची आहे. जावात नावावरून वस्तू शोधण्याच्या एपीआयला जेएनडीआय म्हणतात. आणि एलडॅप डिरेक्टरीशी बोलायचा जावाचा स्वतःचा एपीआयही जेएनडीआयच. म्हणजे सर्व्हरच्या आतलं छोटं नामकोश आणि बाहेरची विद्यापीठाची डिरेक्टरी, दोन्हीसाठी एकच दार. नवीन माणूस इथे हमखास गोंधळतो. 'जेएनडीआयमधून एलडॅपचा पासवर्ड घ्या' या वाक्यात जेएनडीआय म्हणजे आतला नामकोश, आणि 'जेएनडीआयने एलडॅपला जोडा' यात बाहेरची डिरेक्टरी. वाचताना दर वेळी विचारा, इथे कोणतं?

दुसरी अडचण मोठी आहे. कंटेनरने कोणत्या प्रकारच्या वस्तू पुरवल्याच पाहिजेत, याची मानकात यादी आहे. डेटासोर्स, मेल सेशन, मेसेजिंगची कनेक्शन फॅक्टरी वगैरे. डिरेक्टरीचं कनेक्शन त्या यादीत नाही. त्यामुळे प्रत्येक सर्व्हरने आपापली सोय केली. ग्लासफिशमध्ये 'बाहेरचा जेएनडीआय रिसोर्स' बनवता येतो, वाइल्डफ्लायमध्ये 'एक्स्टर्नल कॉन्टेक्स्ट', टॉमकॅटमध्ये स्वतःची ऑब्जेक्ट फॅक्टरी लिहावी लागते. तिन्ही चालतात, पण एकाचं कॉन्फिगरेशन दुसऱ्याला कळत नाही.

तिसरी अडचण २०१७ मधली आहे, आणि संशोधनाच्या दृष्टीने तीच सगळ्यात रंजक. जावा ईई ८ सोबत सिक्युरिटी एपीआय आला, जेएसआर ३७५. त्यात एक अ‍ॅनोटेशन आहे ज्यात डिरेक्टरीचा पत्ता, ॲपचा डीएन, ॲपचा पासवर्ड, युजर कुठे शोधायचे, गट कुठे शोधायचे, हे सगळं देता येतं. आधी सांगितलेलं दोनदा बाइंड करण्याचं काम मग सर्व्हर करतो, आणि ते सगळ्या सर्व्हरांवर सारखंच चालतं. लॉगिनची रीत अशी पोर्टेबल झाली. पण पासवर्डाचं काय?

जेएसआर ३७५ चा मूळ प्रस्ताव वाचलात, तर त्यात 'पासवर्ड एलियसिंग' असा एक मुद्दा सापडतो. कल्पना अशी की कॉन्फिगरेशनमध्ये पासवर्ड न लिहिता त्याचं टोपणनाव लिहायचं, आणि खरी किंमत सुरक्षित साठ्यातून यायची. ग्लासफिशमध्ये ही सोय आधीपासून होती, ती सगळ्यांसाठी मानक करायची होती. अंतिम आवृत्तीत हा भाग आला नाही. म्हणजे 'मला काय हवंय' हे कसं सांगायचं ते मानक झालं, 'ती किंमत कुठून येणार' हे प्रत्येक कंपनीवर राहिलं.

आज चित्र असं दिसतं. पेयारा आणि ग्लासफिशमध्ये टोपणनाव. वाइल्डफ्लायमध्ये एलिट्रॉनचं क्रेडेन्शियल स्टोअर, जे २०१७ च्या आवृत्ती ११ पासून आहे. वेबलॉजिक आपल्या कॉन्फिगरेशनमधले पासवर्ड एन्क्रिप्ट करतो आणि त्याची किल्ली त्याच डोमेनच्या एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. लिबर्टीमध्ये पासवर्ड एन्कोड करायचं साधन मिळतं, पण त्यातला साधा एक्सऑर प्रकार म्हणजे फक्त डोळ्याआड करणं आहे. तो उलटवणं सोपं असतं. टॉमकॅटच्या रेल्ममध्ये पासवर्ड सरळ एक्सएमएलमध्ये लिहायचा. पाच सर्व्हर, पाच तऱ्हा.

मग करायचं काय

सगळं पोर्टेबल होणार नाही, हे आधी मान्य करू. पोर्टेबल करायचाय तो करार: ॲपला कोणत्या नावाखाली काय लागतं. साठवण जिथली तिथेच राहील. हे मान्य केलं की कामाच्या पायऱ्या सरळ होतात.

पहिली पायरी, युजरचं लॉगिन शक्यतो स्वतः लिहू नका. ॲपला डिरेक्टरी फक्त लॉगिनपुरती हवी असेल, तर वरचं अ‍ॅनोटेशन वापरा किंवा सर्व्हरचा रेल्म वापरा. रेल्म वापरलात तर ॲपचा पासवर्ड ॲपला कधी दिसतच नाही. ॲपमध्ये उरतं काय, तर 'या पानासाठी संशोधक ही भूमिका हवी' एवढं एक वाक्य. आणि ते वाक्य कुठल्याही सर्व्हरवर तेच अर्थ देतं.

दुसरी पायरी, अ‍ॅनोटेशन वापरत असाल तर त्यात पासवर्ड शब्दशः लिहू नका. तिथे एक्स्प्रेशन लँग्वेज चालते. म्हणजे पासवर्डाच्या जागी एका बीनच्या गुणधर्माचं नाव देता येतं, आणि ती बीन चालू असताना खरी किंमत आणून देते. सगळा बदलता भाग त्या एका बीनमध्ये कोंडला जातो. पारनास यांनी सांगितलं तेच.

तिसरी पायरी, ती बीन किंमत कुठून आणेल? इथे मायक्रोप्रोफाइल कॉन्फिग उपयोगी पडतं. त्याचा नियम साधा आहे: एकच नाव तीन ठिकाणी शोधायचं आणि ज्याचा क्रमांक मोठा त्याची किंमत धरायची. सिस्टिम प्रॉपर्टीचा क्रमांक ४००, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा ३००, वॉर फाइलमधल्या प्रॉपर्टीज फाइलचा १००. वॉरमध्ये डिरेक्टरीचा नमुना पत्ता ठेवा, पासवर्डाची ओळच ठेवू नका. खरी किंमत बाहेरून येईल, आणि नाही आली तर ॲप सुरू होतानाच स्पष्ट चूक दाखवून थांबेल. रात्री दोन वाजता कुणाचं तरी लॉगिन अडकण्यापेक्षा हे बरं. वाइल्डफ्लाय, पेयारा आणि ओपन लिबर्टी यांच्यात ही सोय आहे. टॉमकॅटवर तिची लायब्ररी ॲपसोबत न्यावी लागते.

हे वापरायचं नसेल तर जुना मार्गही चांगला आहे. ॲपच्या बाहेर, ज्या खात्याने सर्व्हर चालतो त्यालाच वाचता येईल अशी एक फाइल, आणि त्या फाइलचा पत्ता सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये.

याचं एक खरं उदाहरण तुम्ही कदाचित रोज वापरता. कॅम्पसबाहेरून जर्नल वाचताना आपल्या संस्थेचं नाव निवडून लॉगिन करावं लागतं, आठवतंय? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं इन्फेड हे फेडरेशन त्यासाठी आहे, आणि ते शिबोलेथ या सॉफ्टवेअरवर उभं आहे. शिबोलेथचा संस्थेच्या बाजूचा भाग म्हणजे चक्क एक जावा वेब ॲप. ते जेटीवर चालतं, टॉमकॅटवरही चालतं, आणि संस्थेच्या एलडॅप डिरेक्टरीला जोडता येतं. म्हणजे आपलाच प्रश्न त्यांच्यापुढेही होता. त्यांनी डिरेक्टरीचा पत्ता आणि शोधायचे नियम एका प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवले. २०२० मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून ॲपचा पासवर्ड मात्र 'क्रेडेन्शियल्स' फोल्डरमधल्या वेगळ्या गुप्त फाइलमध्ये हलवला. पहिली फाइल गिटमध्ये टाकायला हरकत नाही, दुसरी कधीच टाकायची नाही. कुठल्याच सर्व्हरच्या खास सोयीवर ते अवलंबून राहिले नाहीत. दिसायला साधं, पण जगभरच्या विद्यापीठांना पुरलेलं उत्तर आहे.

एन्क्रिप्ट केलं की झालं?

हा प्रश्न मुलाखतीत विचारला गेला, तर घाईने 'हो' म्हणू नका. पासवर्ड एन्क्रिप्ट केला तर तो उघडायला किल्ली लागते. ती किल्लीही सर्व्हर चालू होताना त्याला मिळायला हवी. मग ती कुठे ठेवायची? कपाटाला कुलूप लावून किल्ली कपाटावरच ठेवल्यासारखं होतं. माणसाने दर वेळी हाताने टाकायची ठरवली, तर रात्री वीज जाऊन आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू होणार नाही. म्हणजे एन्क्रिप्शनने प्रश्न संपत नाही, तो लहान होतो आणि दुसऱ्या जागी सरकतो. बॅकअपची टेप किंवा चुकून पाठवलेली फाइल यांपासून संरक्षण मिळतं, ते खरं. ज्याने सर्व्हरमध्येच शिरकाव केलाय त्याच्यापासून मिळत नाही.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचंही तसंच. २०११ च्या 'ट्वेल्व्ह फॅक्टर ॲप' या मांडणीने तो मार्ग लोकप्रिय केला. त्यांची कसोटी मला अजून आवडते: तुमचा कोड या क्षणी जगाला खुला केला, तर एखादा पासवर्ड उघडा पडेल का? पण ही व्हेरिएबल्स त्या प्रोसेसच्या मुलांनाही वारशाने मिळतात, आणि चूक झाली की लॉगमध्येही छापली जातात. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजेची मोठी भेग उघडकीला आली, तेव्हा हल्लेखोरांनी नेमका याचाच फायदा घेतला. लॉगमध्ये जाणाऱ्या मजकुरात त्यांनी अशी ओळ घुसवली की सर्व्हरने स्वतःच जेएनडीआयमार्फत त्यांच्या एलडॅप सर्व्हरला हाक मारावी, आणि त्या पत्त्यातच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत जोडून पाठवावी. आपण जे दोन शब्द वर शिकलो, जेएनडीआय आणि एलडॅप, तेच दोन त्या हल्ल्याच्या मुळाशी होते.

मग खरा बचाव कशात? साल्टझर आणि श्रोडर यांच्या १९७५ च्या निबंधातलं एक तत्त्व इथे कामी येतं: प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्या. ॲपच्या खात्याला फक्त वाचायचा अधिकार हवा. तोही तुमच्या विभागाच्या फांदीपुरता, आणि नाव, गट एवढ्याच माहितीचा. संगणक केंद्राने ॲडमिनचं खातं दिलं तर नम्रपणे परत करा आणि छोटं मागा. पासवर्ड कधीतरी फुटेल असं धरून चाला, आणि फुटल्यावर नुकसान किती व्हावं ते आजच ठरवा.

हमखास फसवणाऱ्या चार जागा

रिकामा पासवर्ड. एलडॅपमध्ये डीएन दिला आणि पासवर्ड रिकामा ठेवला, तर काही सर्व्हर ते निनावी बाइंड समजून 'जमलं' म्हणतात. आरएफसी ४५१३ मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा आहे. जावाचा जेएनडीआयही रिकाम्या पासवर्डाला निनावीच समजतो. लॉगिन स्वतः लिहिलं असेल, तर पासवर्ड रिकामा असताना डिरेक्टरीकडे जायचंच नाही.

शोधाचा फिल्टर. युजरने टाकलेलं नाव तसंच फिल्टरमध्ये जोडलं, तर कंस आणि तारा वापरून कुणीही फिल्टरचा अर्थ बदलू शकतो. ही चिन्हं नियमाप्रमाणे बदलूनच पुढे पाठवायची.

प्रमाणपत्रं. साध्या ३८९ पोर्टवर टीएलएस न लावता बाइंड केलं तर दोन्ही पासवर्ड उघडेच जातात. ६३६ वर एलडॅप्स वापरा किंवा ३८९ वर स्टार्ट टीएलएस. पण विद्यापीठाचं प्रमाणपत्र प्रत्येक सर्व्हरच्या ट्रस्टस्टोअरमध्ये वेगळं घालावं लागतं, आणि २०१८ च्या जेडीके ८ अपडेट १८१ पासून एलडॅप्समध्ये सर्व्हरचं नावही तपासलं जातं. 'तिकडे चालत होतं, इकडे चालत नाही' यामागे बऱ्याचदा पासवर्ड नसतो, हे असतं.

पासवर्ड बदलणं. ॲपने पासवर्ड सुरू होताना एकदाच वाचला आणि मागून डिरेक्टरीत तो बदलला, तर आधीची उघडी कनेक्शनं काही वेळ चालू राहतात आणि नवी फसतात. सकाळी चालतं, दुपारी बंद. चुकीचे प्रयत्न मोजून खातं लॉक करायचा नियम असेल, तर ॲपचं खातंच लॉक होतं आणि सगळ्यांचंच लॉगिन थांबतं. म्हणून बदलाच्या काळात दोन खाती आलटून पालटून वापरणं सोयीचं पडतं.

ओपनआयडी आलं की हे सगळं संपेल का

युजरचा पासवर्ड ॲपमधून जाणं संपेल, आणि तो मोठा फायदा आहे. २०२२ च्या जकार्ता ईई १० मध्ये ओपनआयडी कनेक्टसाठीही अ‍ॅनोटेशन आलं. पण त्यातही 'क्लायंट सीक्रेट' नावाची एक किंमत द्यावी लागते. म्हणजे ॲपचा पासवर्ड गेला आणि ॲपचं गुपित आलं. ते कुठे ठेवायचं, हा प्रश्न शब्दशः तोच राहतो. एक छोटी सूचना: जकार्ता ईई ९ पासून पॅकेजांची नावं 'जावाएक्स' वरून 'जकार्ता' झाली, पण जेएनडीआयचं पॅकेज मूळ जावामध्ये असल्याने 'जावाएक्स'च राहिलं. सरसकट फाइंड-रिप्लेस करू नका.

यातून संशोधनाचा प्रश्न कसा निघतो

प्रवेश परीक्षेनंतरच्या मुलाखतीत 'तुमचा विषय काय' यापेक्षा 'तुमचा प्रश्न काय' हे जास्त विचारलं जातं. वरचं सगळं वाचून 'जावातली सुरक्षा' हा विषय झाला. प्रश्न होण्यासाठी त्यात मोजता येईल असं काहीतरी हवं.

मी असं सुरू करेन. 'पोर्टेबल' या शब्दाची व्याख्या करा. उदाहरणार्थ: तीच वॉर फाइल, एक बाइटही न बदलता, पाच सर्व्हरांवर डिप्लॉय झाली पाहिजे. मग प्रत्येक सर्व्हरवर चार गोष्टी नोंदवा. डिप्लॉय करणाऱ्याला किती वेगळ्या पायऱ्या कराव्या लागल्या. पासवर्ड मूळ रूपात कुठे कुठे सापडला: डिस्कवर, प्रोसेसच्या माहितीत, लॉगमध्ये, हीप डंपमध्ये. पासवर्ड बदलल्यावर लॉगिन किती वेळ बंद राहिलं. आणि चूक झाल्यावर आलेला संदेश वाचून नवख्या माणसाला कारण कळलं का. आता तुमच्याकडे तक्ता आहे, तुलना आहे, आणि दुसरा कुणी हाच प्रयोग करून तुम्हाला चूक ठरवू शकतो.

दुसरी सवय लावा ती मानक वाचण्याची. ब्लॉग आणि उत्तरं वाचून काय चालतं ते कळतं. मानक वाचून काय चाललंच पाहिजे ते कळतं, आणि काय मुद्दाम मोकळं सोडलंय तेही. आरएफसीमध्ये 'मस्ट' आणि 'शुड' या शब्दांना ठरलेले अर्थ आहेत, १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये ते दिलेत. 'शुड' जिथे दिसेल तिथे खूण करा. मूळ प्रस्ताव आणि अंतिम आवृत्ती शेजारी ठेवा आणि मधून काय गळलं ते शोधा. पासवर्ड एलियसिंगसारखी जागा अशीच सापडते. गळालेल्या गोष्टीमागे सहसा मतभेद, वेळेची कमतरता किंवा खरोखर अवघड प्रश्न असतो, आणि तिसरा प्रकार सापडला तर तुमचं काम तिथून सुरू होतं.

तोवर आजच करता येईल असं एक काम सांगतो. तुमच्या सध्याच्या प्रकल्पाची वॉर फाइल घ्या, झिपसारखी उघडा आणि त्यात 'पासवर्ड' शब्द शोधा. मग गिटच्या सगळ्या जुन्या कमिटमध्ये शोधा. काही सापडलं तर आधी संगणक केंद्राला कळवून तो पासवर्ड बदलून घ्या, कोडची साफसफाई त्यानंतर. क्रम उलटा करू नका, कारण खोडलेली ओळ कुणाकडे आधीच पोचली असेल हे तुम्हाला कळणार नाही. मग ॲपला लागणाऱ्या बाहेरच्या नावांची यादी एका पानावर लिहा: नाव, कशासाठी, कोण पुरवणार. तुम्ही विभाग सोडून गेल्यावर पुढच्या विद्यार्थ्याला तुमचा पासवर्ड लागणार नाही, ते पान लागेल.